किती पानं उठतील?

पुणतांब्याच्या स्टेशनात पार्सलच्या खिडकीसमोर नीलांबरी गर्गे एका लाकडी खोक्यावर बसली होती आणि टांगेवाला बन्सी तिची समजूत काढत होता. खोकं टांग्यात चढवलं तर घोडं बसेल, घोडं बसलं तर बाईंनाही इथंच बसावं लागेल, त्यापेक्षा खोकं उद्या न्यावं, असं त्याचं म्हणणं. नीलांबरीला ते पटत नव्हतं. पुण्याला पत्रांवर पत्रं लिहून मिळवलेली वस्तू ती एक रात्रही फलाटावर ठेवायला तयार नव्हती.

एकाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. गोदावरीवरचं धुकं अजून हटलं नव्हतं आणि बोलताना तोंडातून वाफ येत होती. तेवढ्यात पंपाचा सुटा भाग न्यायला एक उंच, सावळा तरुण खिडकीशी आला. सही करून भाग खांद्यावर टाकला आणि जाता जाता थांबला.

"शिलाई मशीन का?" त्यानं खोक्याकडे पाहत विचारलं.

"नाही. हिशेबाचं मशीन आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करतं."

"आमच्याकडचे म्हातारे हे सगळं तोंडी करतात. आणि त्यांना हलवायला दोन माणसं लागत नाहीत."

अनोळखी माणसासमोर हसायचं नाही, हा नीलांबरीचा नियम. तो त्या सकाळी मोडला. त्या तरुणाची बैलगाडी बाहेर उभी होती. खोकं गाडीत गेलं, खोक्यापाठोपाठ नीलांबरीही गेली, आणि बन्सीचं घोडं बसता बसता वाचलं.

वाट लांबची होती. नीलांबरी नगरच्या एका मुख्याध्यापकांची मुलगी. एम. एस्सी. होऊन गेल्या जूनपासून या गावाच्या नव्या कॉलेजात गणित शिकवत होती. स्पेशल गणिताला विद्यार्थी सहा. सहा पोरांसाठी वर्ग चालवणं परवडत नाही, जूनपासून तो बंद करावा, असं संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात होतं. वर्ग बंद म्हणजे तिची नोकरीही बंद. हे सगळं तिनं गाडीवानाला सांगून टाकलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. अध्यक्ष आप्पासाहेब धनवटे यांना शिक्षणातलं किती कळतं याविषयीचं आपलं मतही तिनं दिलं. तरुण बैलांच्या शेपट्यांकडे बघत सगळं निमूट ऐकत होता.

कॉलेजच्या फाटकाशी खोकं उतरवून झाल्यावर तो म्हणाला, "मी गोरक्ष धनवटे. आप्पासाहेबांचा पुतण्या."

नीलांबरीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. धरणीनं काही घेतलं नाही. गोरक्षनं मात्र चुलत्यांना त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. हे तिला पुढे कळलं, आणि त्याच दिवशी तो तिला आवडायला लागला, असं म्हणायला हरकत नाही.

*

खोक्यातून निघालं ते फॅसिटचं जुनं यंत्र. आकड्यांच्या कळा दाबायच्या आणि बाजूचा दांडा फिरवायचा. आत खडखड होई आणि खिडकीत उत्तर येई. भागाकारात एक फेरा जास्त झाला की टिंग करून घंटी वाजे. मग दांडा एकदा उलटा फिरवायचा. पहिला आठवडाभर मुलं घंटी ऐकण्यासाठीच भागाकार करत होती.

नीलांबरीला मात्र त्या यंत्रावर नुसती आकडेमोड करायची नव्हती. तिला गणिती प्रतिमान शिकवायचं होतं. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, ती वर्गात म्हणाली. त्यांनी नांगर ओढता येत नाही, पण शिंगं कुठं आणि वशिंड कुठं ते कळतं. तसंच जगातल्या एखाद्या गोष्टीचं आकड्यांचं लहान रूप करायचं आणि ते खऱ्या गोष्टीशी ताडून पाहायचं. चुकलं तर माती मोडून पुन्हा करायची. हातानं गणित करायचं तर एकदा मांडण्यातच आठवडा जातो, मग मोडायला जीव होत नाही. यंत्र असलं की 'असं धरलं तर काय, तसं धरलं तर काय' हे एका दुपारी दहादा विचारता येतं.

या वर्गात एक सातवा विद्यार्थी येऊ लागला. गोरक्ष पुण्याला शेतकी कॉलेजात शिकून आला होता आणि घरचा ऊस बघत होता. आता त्याला उसाच्या सऱ्यांचे प्रश्न पडायला लागले. सरी साडेतीन फुटांवर घेतली तर एकरी बेणं किती, चार फुटांवर घेतली तर किती, खत किती. नीलांबरी दांडा फिरवून उत्तर देई. तो कागदावर उतरवून घेई आणि दोन दिवसांनी नवा प्रश्न घेऊन हजर होई.

"धनवटे, साडेतीन फुटांचं तुम्ही मागच्या आठवड्यात विचारलं होतं," ती एकदा म्हणाली.

"तेव्हा उत्तर नीट ऐकलं नाही."

"का बरं?"

"तुम्ही दांडा फिरवत होता..." गोरक्ष खिडकीबाहेर बघत म्हणाला. "कपाळावरची बट पुन्हा पुन्हा डोळ्यांवर येत होती. लक्ष राहिलं नाही."

नीलांबरीनं बट कानामागे सारली आणि भागाकार सुरू केला. घंटी वाजून गेली तरी तिचा हात पुढंच फिरत राहिला. मागच्या बाकावरच्या सहाजणांचं गणितात नसलं तरी या गोष्टीत पुरेपूर लक्ष होतं.

आणि एका दुपारी खुद्द आप्पासाहेब वर्गात आले. धिप्पाड माणूस, डोक्याला फेटा, बोलणं सावकाश. यंत्राभोवती एक फेरी मारून ते बाकावर टेकले आणि त्यांनी आपला प्रश्न मांडला. फाल्गुनात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, मांडव कॉलेजच्याच पटांगणात. दर लग्नात एक तर अन्न कमी पडतं, नाही तर उरलेलं गुरांपुढं टाकावं लागतं. गावातल्या कोणाला आजवर नीट अंदाज आलेला नव्हता.

"माझ्या पोरीच्या लग्नात किती पानं उठतील, ते तुमच्या यंत्राला इचारून सांगा," ते म्हणाले. "शंभराच्या आतबाहेर आलं, तर वर्ग राहील. न्हाई आलं, तर जूनपासून बंद. हा माझा शबूद."

नीलांबरीनं लगेच होकार दिला. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच, असं गोरक्ष पुटपुटला. पण वस्त्यांवर फिरायला गाडी त्यानंच जुंपली.

*

माहिती कशी गोळा करायची ते वर्गानं ठरवलं. मागच्या लग्नांत किती पानं उठली होती ते मुलांनी आचाऱ्यांना विचारलं. मग घरोघरी जायचं आणि चार गोष्टी विचारायच्या: घरात माणसं किती, मांडव किती लांब, लग्नघराशी नातं काय, आणि घरातले किती जण जेवायला येतील. गावात आवतण घरटी एकाचं होतं. नदीपलीकडच्या वस्त्यांना तर आवतणच नव्हतं. पण अंतर वाढलं की माणसं किती कमी होतात ते कळावं म्हणून नीलांबरीनं पलीकडच्या वस्त्याही धरल्या.

गावातली घरं मुलांनी वाटून घेतली. पलीकडच्या वस्त्यांवर नीलांबरी दोन मुलींना घेऊन जाई. गोरक्ष गाडीपाशी बैलांना वैरण टाकून थांबे, म्हणजे बायका मोकळेपणी बोलतील. आणि त्या बोलत. नीलांबरीचं तर फार आगतस्वागत होई. चहा होई, गुळाचा खडा हातावर येई, आणि कपाळाला कुंकू लावल्याशिवाय कोणी तिला उंबऱ्याबाहेर सोडत नसे. पलीकडच्या मळ्यात कडूबाई नावाच्या म्हातारीनं तर तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि सगळीच्या सगळी येतो म्हणून सांगितलं. खेड्यातली माणसं किती लाघवी असतात, असं नीलांबरीनं घरी पत्रात लिहिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मुली मागे बसत आणि नीलांबरी पुढे. हरभऱ्याचे डहाळे सोलत गप्पा चालत. तिला गणित का आवडतं ते गोरक्षनं विचारलं. गणितात चूक सापडली की ती कबूल करून पुढे जाता येतं, ती म्हणाली. माणसांत तसं चालत नाही. तो म्हणाला, शेतातही चालत नाही, चुकलेली सरी वर्षभर डोळ्यांसमोर राहते. एकदा चाक खड्ड्यात गेलं आणि तिचा हात त्याच्या मनगटावर पडला. खड्डा सरला, तरी हात लगेच निघाला नाही.

त्याच संध्याकाळी तिनं त्याला पुण्याच्या स्थळाचं सांगितलं. मुलगा बँकेत होता, एप्रिलमध्ये बघायला येणार होता. वर्ग बंद झाला तर नगरला परत जायचं, आणि नगरला गेलं की वडिलांना नाही म्हणायला कारण उरत नव्हतं.

"आणि वर्ग राहिला तर?" गोरक्षनं विचारलं.

"तर कारण उरतं."

गोरक्षनं बैलांना हाक दिली आणि गाव येईपर्यंत तो गप्प राहिला. तो गप्प असला की वाट लांबते, हे तिच्या ध्यानात आलं. आपण त्याच्यावर प्रेम करतो हेही त्याच वाटेवर तिच्या ध्यानात आलं. आपण ब्राह्मणाची मुलगी, तो मराठा शेतकऱ्याचा मुलगा. घरी काय होईल ते सांगायला यंत्र लागत नव्हतं. तरीही तिला आनंदच झाला.

मुलांनी आकडे जुळवले, यंत्रावर घातले, मोडले, पुन्हा मांडले. उत्तर आलं नऊशे. आप्पासाहेबांनी हजार माणसांची लापशी, भात आणि आमटी करायला सांगितली.

*

लग्नाच्या दिवशी सकाळपासून उन्हाचा चटका होता. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पहिली पंगत बसली. नीलांबरी कॉलेजच्या ओसरीवर उभी राहून पानं मोजत होती, आणि मोजता मोजता ती थबकली. घरटी एकाच्या हिशेबानं पंगतीत पुरुष हवे होते. इथं बायका होत्या, पोरं होती, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या होत्या. आणि नदीकडच्या वाटेनं गाड्यांमागून गाड्या येत होत्या.

पहिल्याच गाडीतून कडूबाई उतरली, मागे सुना-नातवंडांचं लेंढार. नीलांबरीला बघून म्हातारीचा चेहरा फुलला.

"आलो बगा, बाई. समदी आलो."

"आजी, तुम्हाला... आवतण कोणी दिलं?" नीलांबरीनं विचारलं.

"तुमीच की. दारात येऊन इचारलंत, घरातली किती जनं जेवाया येनार म्हनून. त्ये चूलबंद आवतनच झालं. म्या कुकू लावलं न्हवतं का तुमाला? आज आमच्या वस्तीवर कुनीच चूल पेटवली न्हाई."

नीलांबरीला सगळं एका क्षणात उमगलं. इकडं दारात येऊन जेवणाचं विचारणारा माणूस आवतण घेऊनच येतो. आवतण आणणाऱ्या बाईला कुंकू लावतात. ती ज्याला लाघवीपणा समजली होती, ती आवतण स्वीकारल्याची खूण होती. गावातही तसंच झालं असणार. घरटी एकाचं आवतण मुलांच्या प्रश्नानं सगळ्या घरादाराचं झालं. मुलंही इथलीच, पण ती बाईंचा प्रश्न विचारत होती, आवतण देत नव्हती, म्हणून कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माणसं मोजायला गेलो आणि मोजता मोजता बोलावून आलो.

तिनं गोरक्षला गाठलं आणि चार वाक्यांत सांगितलं. त्यानं गाडीपाशी बसून वैरण टाकली होती, कुंकू पाहिलं होतं, आणि ते बाईंना शोभतं एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

दोघं धावत वर्गात गेले. सहाही जण पाठोपाठ आले. आकडे होतेच, फक्त धरलेलं बदलायचं होतं. ज्या दारात विचारलं ते घर चूलबंद धरायचं, अंतराची तूट काढून टाकायची. एकजण आकडे वाचत होता आणि नीलांबरी दांडा फिरवत होती. बाहेर पहिली पंगत आमटीवर असताना खिडकीत उत्तर आलं: अठराशे चाळीस.

"मी सांगतो काकांना," गोरक्ष म्हणाला. "माणूस वाढलंय, अन्न वाढवा, एवढंच सांगतो. का वाढलं ते नका बोलू. वर्ग जाईल, तुम्ही जाल."

"आणि मागाहून कळलं तर?"

"मागाहून कळेपर्यंत जून उलटेल."

नीलांबरीनं त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलायला तयार होता, आणि कशासाठी ते तिला स्वच्छ दिसत होतं. तिला रडूच आलं असतं, पण वेळ नव्हता.

"नुसतं वाढवा म्हटलं तर ते शंभराचं वाढवतील," ती म्हणाली. "हजाराच्या दुप्पट करायला सांगायचं तर कारण सांगावं लागेल."

आप्पासाहेब व्याह्यांपाशी बसले होते. तिनं त्यांना बाजूला बोलावलं आणि सरळ सांगितलं: आकडा चुकला, चूक माझी, आम्ही विचारलं तेच आवतण झालं, अठराशेवर पानं उठतील. आप्पासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी पंगतीकडे पाहिलं, नदीच्या वाटेकडे पाहिलं.

"ह्यो दुसरा आकडा तरी खरा का?" त्यांनी विचारलं.

"खरा धरून चाला. नाही ठरला तर उरलेलं गुरांना जाईल. पण पहिलाच धरलात तर माणसं उपाशी जातील."

"धनवट्यांच्या दारातून मानूस उपाशी गेलं, तर माझी पोर सासरी मान वर करायची न्हाई." ते गोरक्षकडे वळले. "घरोघर सांग. ज्याच्या घरात पीठ हाय, तांदूळ हाय, त्यानं चूल पेटवावी. पातेली हिकडं आना. एकालाबी माघारी लावायचं न्हाई."

मग दुपार कशी गेली ते कोणालाच कळलं नाही. चूलबंद आवतणाला आलेल्या बायकाच पदर खोचून चुलींपुढं बसल्या. कडूबाईनं भाकरी थापायला घेतल्या. लापशी संपली तिथं गूळ-भाकरी आली, पातळ झालेल्या आमटीत आणखी मिरची पडली, आणि कोणी नाक मुरडलं नाही. मुलं पत्रावळी मोजत होती. शेवटच्या पंगतीला स्वतः आप्पासाहेब बसले, आणि त्यांनी नीलांबरीलाही समोर बसवलं. गोरक्ष आमटीची बादली घेऊन वाढत होता. पानं उठली होती अठराशे बारा.

आप्पासाहेबांनी आमटीत भाकरी कुस्करली.

"पयला आकडा चुकला," ते म्हणाले. "शबूद दिला त्यो पयल्या आकड्याचा."

"हो," नीलांबरी म्हणाली.

"पन दुसरा आकडा आला नसता, तर माझं नाक गेलं असतं. अन् चूक तुमी सोता येऊन सांगितली, ते मी बघितलं. वर्ग ऱ्हाईल." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आता तुमी सांगा. मी कमिटीत भांडून वर्ग ठिवायचा, अन् वैशाखात तुमी, गाडीतल्या पोरी सांगत्यात तसं, लगीन करून पुन्याला जायाचं. मंग त्ये यंत्र काय मी उशाला घ्यायचं?"

"मी पुण्याला जाणार नाही. इथंच राहणार आहे."

"लगीन?"

"लग्न करूनही इथंच."

"मंग नवरा हितलाच बगावा लागंल."

"बघितला आहे," नीलांबरी म्हणाली. आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "पण तो अजून काही बोललेला नाही. सऱ्यांचं अंतर तेवढं विचारतो."

आप्पासाहेबांनी खाली पाहिलं. त्यांच्या पानात तिसऱ्यांदा आमटी पडली होती आणि ती आता पत्रावळीच्या काठावरून धोतराकडे निघाली होती. त्यांनी वर पाहिलं. पुतण्या बादली तिरकी धरून उभा होता आणि त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. आप्पासाहेबांच्या कपाळावर आठी चढली, थोडा वेळ राहिली, आणि मग उतरली. अर्धं जेवण टाकून ते उठले.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले आणि पार विहिरीकडे चालू लागले.

पटांगण रिकामं होत आलं होतं. गाड्या नदीकडे परतत होत्या. गोरक्षनं बादली खाली ठेवली आणि तो तिच्यासमोर, चुलत्यांच्या जागेवर, मांडी घालून बसला.

"नीलांबरी..." आजवर तो तिला मॅडम म्हणत आला होता. "माझ्याशी लग्न कराल?"

"करीन."

"तुमच्या घरी... नगरला?"

"बाबा रागावतील. वर्षभर बोलणार नाहीत. आई रडेल. तुमच्या भावकीतही लोक तोंडावर गोड आणि पाठीमागे काहीबाही बोलतील. तुमच्या आईला माझा स्वयंपाक आवडणार नाही. हे सगळं मी धरलं आहे."

"काहीच सोडलं नाही मग."

"एक सोडलं होतं," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज हलला. "तुम्ही विचाराल की नाही, ते काही केल्या मला धरताच येत नव्हतं."

गोरक्षनं आमटीनं माखलेला हात सदऱ्याला पुसला आणि तिचा हात हातात घेतला. मग पत्रावळी उचलायला माणसं आली, तेव्हा दोघं उठले आणि त्यांच्याबरोबर उष्टी काढू लागले.